बाबांची सायकलयात्रा

(बी. ए. भाग २)

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपून महाविद्यालय उघडले, त्याच आठवड्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या फलकावर एक सूचना लागली. नागपूर ते आनंदवन अशी सायकल सहल निघणार होती. २४ डिसेंबरला सकाळी निघायचे, रात्री जामजवळच्या एका शाळेत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी वरोरा गाठायचे आणि २६ तारखेला, म्हणजे बाबा आमटे यांच्या जन्मदिनी, आनंदवन पाहायचे. येताना सायकली ट्रकमध्ये आणि आम्ही बसमध्ये. इच्छुकांनी पालकांच्या सहीचे पत्र आणावे, असे खाली लिहिले होते.

मी पहिल्याच दिवशी नाव दिले. सायकल ही माझी जुनी मैत्रीण आहे. आमचे गाव उमरेडच्या पलीकडे. आठवीत असताना सरकारी योजनेतून मला सायकल मिळाली, म्हणून चार किलोमीटरवरच्या शाळेत मी बारावीपर्यंत जाऊ शकले. नाहीतर माझे शिक्षण सातवीलाच संपले असते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. नागपूरला आले तेव्हा एस. टी.च्या टपावर टाकून ती सायकलही बरोबर आणली.

पण वडिलांनी सही केली नाही. मला वाटले, मुलीच्या जातीने सायकलवर इतक्या दूर जाऊ नये असे त्यांचे म्हणणे असेल. मी वाद घालण्याची तयारी करूनच गावी गेले होते. वडील काहीच बोलले नाहीत. आनंदवनाचे नाव निघाले की ते उठून गोठ्याकडे जात. शेवटी आजीने मला जवळ बसवून घेतले आणि एकोणीस वर्षांत कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली.

आजीला एक मोठा भाऊ होता. तो विशीत असताना त्याच्या पाठीवर चट्टे उठले, मग बोटांची जाणीव गेली. चुलीतला निखारा हाताला लागला तरी त्याला कळत नसे. गावाने रगतपिती म्हटले. एका पहाटे त्याला बैलगाडीत घालून कुणीतरी वरोऱ्याला सोडून आले आणि तो बल्लारपूरच्या खाणीत कामाला गेला असे सर्वांना सांगण्यात आले. आजीच्या लग्नात त्याने मागावर विणलेले लुगडे पाठवले होते. ते घरच्या वडीलधाऱ्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, परसात नेऊन जाळले. आजी तेव्हा सोळा वर्षांची होती. पुढे तो तिकडेच वारला. आनंदवन आमच्या गावापासून दिवसभराच्या वाटेवर, पण आमच्या घरचे कुणी कधी तिकडे गेले नाही.

मी नागपूरला परतले आणि सरांना फक्त इतकेच सांगितले की घरची परवानगी नाही. सर म्हणाले की सहलीला अजून तीन आठवडे आहेत, तोवर ज्याच्या गावाला निघालीस त्या माणसाचे चरित्र तरी वाच. त्या तीन आठवड्यांत ग्रंथालयात बसून मी जे वाचले ते माझ्या शब्दांत येथे मांडत आहे. वाचकांपैकी अनेकांना यातले पुष्कळ ठाऊक असेल. मला ते ठाऊक नव्हते. बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. वडील सरकारी अधिकारी, घरी जमीनजुमला. बाबा हे त्यांचे घरातले लाडाचे नाव. पुढे साऱ्या देशाने तेच उचलले. बालपण अगदी श्रीमंती थाटाचे. हातात बंदूक आली, शिकारीचा नाद लागला. स्वतःची मोटार होती आणि तिच्या आसनांना बिबट्याचे कातडे लावलेले होते. इंग्रजी चित्रपटांचे वेड इतके की एका सिनेमासिकासाठी ते परीक्षणे लिहीत. हॉलिवूडच्या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. नागपूरला शिकून ते वकील झाले आणि वरोऱ्याला त्यांनी वकिली सुरू केली. पैसा मिळू लागला.

येथपर्यंतचा माणूस आपल्या ओळखीचा आहे. असे तरुण प्रत्येक काळात असतात. पण या तरुणाला एक खोड होती. घरच्यांनी मना केले तरी तो लहानपणी नोकरांच्या मुलांबरोबर खेळे, त्यांच्या घरी जेवे. आणि मोठेपणी आपल्या मिळकतीकडे पाहून त्याला प्रश्न पडत. शेतात राबणाऱ्याला दिवसभरात काय मिळते आणि वकिलाला तासाभराच्या बोलण्याचे काय मिळते, याचा मेळ त्याला बसेना. वर्धा जवळ, सेवाग्राम जवळ. गांधीजी १९३६ पासून तेथे राहत होते. त्या वातावरणाचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले, धरपकड झाली. बाबांनी अटक झालेल्यांच्या बचावासाठी वकिलांना उभे केले आणि त्यांनाही तुरुंगवास घडला.

याच काळातली एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. रेल्वेच्या डब्यात गोरे सैनिक एका स्त्रीची छेड काढत होते. डब्यात माणसे होती, पण कुणी उठेना. बाबा एकटे त्यांच्या अंगावर गेले, मार खाल्ला, मागे हटले नाहीत. हे गांधीजींच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी बाबांना अभयसाधक ही पदवी दिली. भय न जाणणारा माणूस, असा त्यांचा लौकिक झाला.

१९४६ च्या डिसेंबरात त्यांचे लग्न झाले. वधू नागपूरच्या घुले या जुन्या वळणाच्या शास्त्री घराण्यातली इंदू. एका लग्नघरी सगळे पाहुणे नटूनथटून मिरवत असताना ही मुलगी मागच्या अंगणात म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुवायला मदत करीत होती. बाबांनी तिला तेथे पाहिले आणि मनाशी ठरवून टाकले. लग्नानंतर ती साधना झाली. आपल्या शहराची ही लेक पुढे साठ वर्षे बाबांच्या शेजारी उभी राहिली. वरोऱ्यात त्या दोघांनी श्रमाश्रम काढला; तेथे सर्व जातींची, कष्ट करणारी माणसे एकत्र राहत. ज्या घरात सोवळेओवळे कडक, त्या घरातून आलेल्या मुलीला हे किती जड गेले असेल याचा विचार मुलगी म्हणून माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. 'समिधा' या आत्मकथनात साधनाताईंनी हा सारा संसार सांगितला आहे. मुलींनी तर ते अवश्य वाचावे.

बाबा वरोरा नगरपालिकेत उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे हाल पाहून ते केवळ सहानुभूती दाखवून थांबले नाहीत, मैल्याची टोपली त्यांनी स्वतः डोक्यावर घेतली. असेच काम करीत असताना एका पावसाळी रात्री त्यांना गटाराच्या कडेला काहीतरी हलताना दिसले. जवळ जाऊन पाहतात तो माणूस! हातापायांची बोटे झडलेली, अंगावर किडे. तुळशीराम त्याचे नाव. महारोगाच्या अखेरच्या अवस्थेत तो तेथे पडला होता.

आणि अभयसाधक तेथून पळाला.

मित्रहो, ही ओळ वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. आतापर्यंत मी एका शूर माणसाचे चरित्र वाचत होते, आणि शूर माणसांची चरित्रे वाचून आपल्याला बरे वाटते, पण त्यांचा आपल्याला फारसा उपयोग नसतो. आता बाबा एकदम आमच्या घरात येऊन बसले. मामाला बैलगाडीत घालणारे, लुगडे जाळणारे आणि बाबा, सारे एकाच भीतीने पळाले होते. ती भीती दुष्टपणाची नव्हती. मलाही होईल, माझ्या मुलांना होईल, ही ती भीती.

फरक पुढे पडला. बाबा घरी गेले, पण त्यांना झोप लागेना. गोऱ्या सोजिरांना न भिणारा मी एका असहाय माणसाला भ्यालो, हे त्यांना सहन झाले नाही. ते परत गेले. तुळशीरामावर त्यांनी आडोसा केला, त्याला खाऊ घातले, त्याच्या जखमा धुतल्या आणि अखेरपर्यंत त्याची सेवा केली. आपण भ्यालो हे त्यांनी कधी लपवले नाही, उलट तीच आपल्या कामाची सुरुवात होती असे ते आयुष्यभर सांगत राहिले.

त्यानंतर त्यांनी हा रोग समजून घ्यायचे ठरवले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढले होते, तेथले काम पाहिले. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम पुरा केला. तेथे रोगाच्या जंतूंवर प्रयोग करण्यासाठी माणूस हवा होता, तेव्हा बाबांनी स्वतःच्या शरीरात ते जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. हा रोग इतका सहजासहजी जडत नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टराने त्याचा जंतू शोधून काढला होता. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नाही, हे जगाला फार आधी कळले होते. आमच्या गावापर्यंत ते पोचायला मात्र शंभर वर्षेही पुरली नाहीत.

१९५१ मध्ये वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन सुरू झाले. साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढेच भांडवल. उद्घाटनाला विनोबा आले होते. विंचू आणि साप पायाखाली. पाणी नाही म्हणून प्रथम विहीर खणायला घेतली. ज्यांच्या हाताला बोटे नाहीत त्यांनी कुदळ धरली. जमीन हाताखाली आली, भाजीपाला पिकू लागला. पण वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी कुणी घेईना, दूध कुणी घेईना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण येऊन आनंदवनात राहिले, तेथे त्यांनी विटा वाहिल्या, तेथलेच अन्न खाल्ले. ते पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीती हळूहळू ओसरली. लांबून सायास करून आलेला अनोळखी तरुण जवळच्या माणसाची भीती घालवू शकतो, हे बाबांनी तेथे पाहिले असावे. पुढच्या सायकलयात्रेचे बी मला तेथे दिसते.

आनंदवन वाढत गेले. दवाखाना, शेती, सुतारकाम, हातमाग, अंधांची आणि मूकबधिरांची शाळा आणि पुढे महाविद्यालयसुद्धा. पूर्वी समाज रोग्यांना गावाबाहेर काढत असे, आता गावातली मुले शिकण्यासाठी रोग्यांच्या गावी येऊ लागली. १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातच मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प उभा राहिला. तेथे ऐन मे महिन्याच्या उन्हात तरुणांची श्रमशिबिरे भरू लागली. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो पुढे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी सांभाळला. मधल्या काळात 'ज्वाला आणि फुले' हा बाबांचा कवितासंग्रह आला आणि मराठी वाचकांना या कामामागचा कवीही भेटला.

पण शरीराने साथ सोडली होती. पाठीच्या मणक्यांचे दुखणे त्यांना तारुण्यापासून होते. ते वाढत गेले, शस्त्रक्रिया झाल्या, आणि अखेर अशी अवस्था आली की बाबांना बसता येईना. एकतर उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. जेवायचे ते उभ्याने किंवा पडून, बोलायचे तसेच, प्रवास करायचा तो गाडीत अंथरूण घालून. कमरेला पट्टा, अंगात पांढरी बंडी आणि आखूड चड्डी, हे त्यांचे चित्र सर्वांनी पाहिले आहे.

अशा माणसाने सायकलयात्रा काढली!

तो काळ आठवला पाहिजे. आम्ही तो फक्त पुस्तकात वाचला आहे. १९८४ मध्ये पंजाब धुमसत होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली, ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पाठोपाठ दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले. आसामचे आंदोलन सहा वर्षे चालले आणि १९८५ च्या ऑगस्टमध्ये करार होऊन थांबले. त्याच महिन्यात पंजाबात करारावर सही करणारे लोंगोवाल मारले गेले. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला होता. बाबांना त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सत्तरी उलटलेली, पाठ मोडलेली, नाव जगभर झालेले. आता विसावा घेतला असता तरी कुणी नावे ठेवली नसती. पण देशाच्या अंगावरही बधिरपणाचे चट्टे उठत आहेत असे त्यांना वाटले असावे. कुष्ठरोगात आधी संवेदना जाते. जखम होते ती नंतर.

१९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली. (हे नाव घेतले की माझ्या मैत्रिणींना २०२२ मधली राजकीय पदयात्रा आठवते. ही तिच्या सदतीस वर्षे आधीची, आणि हिच्यापाशी कोणत्याही पक्षाचा झेंडा नव्हता.) साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नाशी तिचे नाते होते. निरनिराळ्या प्रांतांतले ११६ तरुण-तरुणी सायकलींवर आणि त्यांच्याबरोबर गाडीत आडवे पडलेले बाबा. जायचे होते काश्मीरकडे. सरळ महामार्गाने हे अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास भरते. यात्रेने ५,०४२ किलोमीटर कापले. म्हणजे वाकडी वाट करून, गावागावांना शिवत ही मुले गेली.

मी नकाशा उघडून बोटाने ती वाट काढू लागले. दक्षिणेच्या टोकाला तीन समुद्र आणि नारळीच्या बागा. मग दख्खनचे तापलेले पठार, काळी माती, कापूस आणि ज्वारी. सातपुडा, नर्मदा, विंध्य. त्याच्यापलीकडे गहू-उसाचा सपाट मुलूख, पंजाबची कालव्यांची शेते आणि शेवटी हिमालयाचा पायथा. मोटारीतून किंवा आगगाडीतून हा देश खिडकीबाहेर पळतो. सायकलवर तो पायांत येतो. चढ आला की तो मांड्यांना कळतो, वारा तोंडावर आला की छातीला कळतो. पाणी मागायला उतरावेच लागते. पंक्चर झाले की कुणाच्या तरी ओट्यावर बसावेच लागते आणि तो ओटा कुणाच्या जातीचा, कुणाच्या धर्माचा हे तेव्हा विचारता येत नाही. भाषा येत नसेल तर हातवारे करून बोलावे लागते. सायकलला काच नाही, दार नाही. येणारा माणूस हातात काहीही न घेता आला आहे हे गावाला लांबूनच दिसते. बाबांनी याच वाहनाची निवड का केली, हे मला इथे समजले. पैसा कमी लागतो हे एक कारण असेलच, पण सायकलवरच्या माणसाला कुणी भीत नाही.

त्या यात्रेत मुलीही होत्या. आज एखादी मुलगी एकटी नागपूरहून रामटेकला सायकलने गेली तरी शेजारीपाजारी चौकशा करतात. १९८५ मध्ये त्या मुलींनी कन्याकुमारीपासून पॅडल मारले. गावोगावी त्यांनी मुक्काम केले, सभा घेतल्या, माणसांशी बोलल्या. त्यांच्या घरी सहीची पत्रे कशी मिळाली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

यात्रेने दंगे थांबले का, पंजाब शांत झाला का, असे कुणी विचारील. लगेच झाला नाही, हे इतिहासात आहेच. पंजाबात पुढेही कित्येक वर्षे रक्त सांडत राहिले. आमच्या वर्गातल्या एका मित्राने मला हेच विचारले की मग ११६ सायकलींनी काय साधले? माझ्याजवळ मोठे उत्तर नाही. तुळशीरामही वाचला नव्हता. पण त्याच्याजवळ परत गेलेला माणूस तोच राहिला नाही आणि त्याच्यामुळे पुढे हजारो वाचले. ज्या मुलांनी चार महिने अनोळखी घरचे अन्न खाल्ले ती आपल्या गावी परतल्यावर दुसऱ्या प्रांतातल्या माणसाविषयी कुणी काही बोलले तर गप्प बसली नसतील, एवढे तरी मी मानते.

बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८८-८९ मध्ये दुसरी यात्रा निघाली, या वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे. अरुणाचल प्रदेशातील इटानगर ते गुजरातमधील ओखा. अंतर ७,५४६ किलोमीटर. दोन्ही यात्रांच्या रेषा नकाशावर ओढल्या तर देशावर एक मोठी फुली पडते. फाटलेल्या कापडाला आमच्या आजी उभे-आडवे टाके घालतात, तसे ते दिसते.

पुढची कथा थोडक्यात सांगते. १९९० मध्ये बाबा आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातल्या कसरावदला जाऊन राहिले. सरदार सरोवराखाली बुडणाऱ्या गावांच्या बाजूने ते उभे होते. याच प्रश्नावर त्यांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण हे किताब सरकारला परत केले. या भूमिकेवर टीकाही झाली. धरणाच्या पाण्याची वाट पाहणारा गुजरातचा शेतकरी त्यांच्यावर रागावला, आणि त्याच्या रागालाही कारण होते. धरण पुढे पुरे झाले. सुमारे दहा वर्षे नदीकाठी काढून बाबा आनंदवनात परतले. १९९९ चा गांधी शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते आनंदवनात वारले. त्यांचे दहन झाले नाही. आनंदवनाच्या मातीत त्यांना पुरण्यात आले. साधनाताई २०११ च्या जुलैमध्ये गेल्या.

हे सारे वाचून झाल्यावर मी पुन्हा गावी गेले. वडिलांना भाषण द्यायचे मी टाळले. एवढेच सांगितले की या रोगावर आज गोळ्या आहेत, सहा महिने ते वर्षभर घेतल्या की माणूस बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर त्याच्यापासून रोग पसरत नाही. आणि हेही सांगितले की २०१९ पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. म्हणजे आपले घर एकटेच भीत नव्हते, सारा देश भीत होता. वडील ऐकत राहिले. सकाळी निघताना पत्र माझ्या पिशवीत होते. त्यावर सही होती.

२४ तारखेला आम्ही तीस जण निघालो. त्यांत मुली नऊ. बुटीबोरीपर्यंत ट्रकांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. तेथून पुढे शेते उघडली. कपाशीचा शेवटचा वेचा चालू होता, तूर शेंगांनी वाकली होती, हरभरा कोवळा होता. बायका वेचणी थांबवून हात हलवायच्या. माझ्या सायकलची चेन तीनदा उतरली. पन्नासाव्या किलोमीटरनंतर सीटवर बसणे नकोसे झाले आणि मी कितीतरी वेळ उभ्यानेच पॅडल मारत राहिले. तेव्हा बाबांची फार आठवण झाली. मला दिवसभर बसता येईना तर मी कुरकुरत होते.

जामच्या चौकात थांबून सरांनी दोन रस्ते दाखवले. एक हिंगणघाटकडे जातो, जेथे बाबा जन्मले, आणि तोच महामार्ग पुढे कन्याकुमारीला पोचतो. दुसरा वरोऱ्याकडे. आम्ही दुसऱ्या सकाळी वरोऱ्याचा धरला.

आनंदवनाविषयी आमच्या इतर मित्रांनी याच अंकात लिहिले असेल, म्हणून मी थांबते. मामाची जागा मी शोधली नाही. कुणाला विचारायचे आणि काय सांगून विचारायचे हे मला सुचले नाही. ज्याला घराने साठ वर्षांत विचारले नाही त्याला मी एका दुपारी शोधायला निघावे, याची लाज वाटली. बाबांच्या समाधीपाशी मी आजीच्या वतीने हात जोडले आणि विक्रीच्या दुकानातून तेथल्याच मागावरची एक चादर घेतली. पैसे बेताचे होते, म्हणून लहान घेतली.

गावी गेल्यावर ती आजीच्या हातात दिली आणि कुठली आहे ते सांगितले. आजीने ती उलगडली, वीण बोटांनी चाचपून पाहिली आणि उंबरा ओलांडून आतल्या खोलीत नेऊन आपल्या खाटेवर अंथरली. वडील ओसरीवर होते. ते त्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आजी अंगणात गेली होती, आणि वडील खाटेपाशी उभे राहून त्या चादरीची घडी घालत होते.